नावाची ताटली

राजेश्वरीने बाहेर काढून ठेवलेलं स्वेटर आईने पुन्हा बॅगेत कोंबलं.

"आगं, सरावन चाललाय. आत्ता स्वेटर काय करू? दिवाळीला येनार हाये ना मी, तवा नेईन."

 मनकर्णाने स्वेटरवर गोधडी दाबली. गोधडीवर शाळा-कॉलेजच्या सगळ्या कागदांची पिशवी. राजेश्वरी नुसत्या झेरॉक्स नेणार होती, अस्सल कागद पेटीत राहू देणार होती. पण आईने पेटी तळापर्यंत धुंडाळली होती.

बाहेर ओट्यापाशी सहादेव मोटारसायकल पुसत होता. लेकीला पाथर्डीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवून द्यायचं होतं. घर एका खोलीचं, दार सताड उघडं. आत कुणी खोकलं तरी त्याला ऐकू जात होतं.

विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला, वसतिगृहात जागा मिळाली, तेव्हा सहादेवने जराही आढेवेढे घेतले नाहीत. गावाला त्याचं कोण कौतुक! कौतुक कसलं? परवा पाहुणे येऊन गेले आणि पितळ उघडं पडलं. दिवाळीत राजेश्वरीच्या लग्नाचा बार उडवायचा आणि लगेच ऊसतोडीला निघायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाला नवे कोयते हवेच असतात. चुलतबहीण निकिताचं गेल्या साली तेच झालं. हळद उतरायच्या आधी पोर ट्रकवर चढली.

"पोरीला जायला आत्ताच न्हाई म्हनून रडारड कशाला?" सहादेव पाहुण्यांना म्हणाला होता. "सनाला घरी आली, की हुतंय समदं."

बापाचं राजेश्वरीला एवढं लागलं नाही. लागलं ते आईचं. चहाच्या कपबश्या ठेवता ठेवता मनकर्णा पाहुण्यांकडे बघून हसली होती. "येईल की पोरगी दिवाळीला. कुटं जातीय?" असं म्हणाली होती. तेव्हापासून राजेश्वरी आईशी धड बोलत नव्हती. दिवाळीला यायचं, बापाचे पाय धरायचे, रडायचं, याच्यापुढे तिला काही सुचत नव्हतं. त्या वेळी आई आपल्या बाजूने उभी राहील, ही आशाही आता आटली होती.

मनकर्णाने फळीवरून स्टीलची ताटली काढली. सातवीत बक्षीस मिळालेली. काठावर नाव कोरलेलं, 'कु. राजेश्वरी'.

"ती तरी ऱ्हाऊ दे! आल्यावर जेवू कशात?"

ताटली गोधडीच्या घडीत गेली.

आता मात्र राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आई अशी नव्हती. दरवर्षी तोडीला निघताना ती अख्खा संसार ट्रकवर चढवायची, पण पाण्याने भरलेला एक तांब्या देवळीत ठेवूनच कडी लावायची. माणसं परत येणार आहेत, हे घराला कळायला नको? लहानपणी राजेश्वरी एकदा दारातून "जाते गं" म्हणाली, तर पाठीत धपाटा बसला होता. जाते म्हणतात का कधी? येते म्हणावं. आणि तीच आई आज लेकीची चिंधीसुद्धा घरात ठेवायला तयार नव्हती.

"नावबी नको का माजं ह्या घरात?" राजेश्वरी पुटपुटली.

मनकर्णाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानातून कागदात गुंडाळून आणलेले पाळीचे पॅड तिने कागद फाडून मोकळे केले आणि सगळ्यांत वर पसरले.

"आई! वर कशाला ठिवतीस? लाज हाय का न्हाई?"

मनकर्णाने तिचा हात झटकला आणि चेन ओढली. तेवढ्यात दारात सावली पडली. सहादेवने बॅग उचलली आणि तसाच थांबला.

"दोन म्हैन्याला येवढं वझं? काय भरलंय? उघड, बघू दे."

मनकर्णाच्या कपाळावर घाम फुटला. राजेश्वरीला कळेना, बॅगेत गोधडी आहे, कागद आहेत, चोरीचं तर काही नाही. मग आई एवढी का घाबरली?

सहादेवने स्वतःच चेन ओढली, हात आत घातला, आणि विंचू डसावा तसा मागे घेतला.

"बायामानसाच्या बॅगत हात कशाला घालायचा, म्हन्ते मी," मनकर्णा खाली बघत म्हणाली.

"लाव, लाव. गाडी चुकंल," म्हणत तो तरातरा बाहेर गेला. मनकर्णाने भिंतीला टेकून श्वास सोडला.

राजेश्वरीने खोलीवर नजर फिरवली. खुंटी मोकळी. फळी मोकळी. देवळीतही काही नव्हतं. आपलं म्हणावं असं इथे काहीच उरलं नव्हतं. तिने आईच्या पायांना हात लावला. मनकर्णाने तिच्या तळहातावर दही ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं. कुंकू पार भुवईपर्यंत ओघळलं.

बाहेर सहादेवने किक मारली. मोटारसायकल फटफटायला लागली.

"येते, आई," राजेश्वरी उंबऱ्यावरून म्हणाली.

मनकर्णाने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. गाडीच्या आवाजाआड, लेकीच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली,

"येते म्हनू नको, बाई. जाते म्हन."