दीड चमचा

कोर्टात समोरच्याला नामोहरम करण्यात वकीलबाईंचा हातखंडा होता. पण जिंकलेल्यांच्या मुलांचेही उतरलेले चेहरे पाहून त्या घटस्फोटांत मध्यस्थी करू लागल्या. आजचं जोडपं मात्र तिसऱ्या बैठकीतही एकमेकांशी बोलेना. “यांना सांगा, मुलगी माझ्याकडेच राहील.” “यांना सांगा, मीही बाप आहे तिचा.” निरोप पोचवून मेटाकुटीला आलेल्या वकीलबाईंनी चहा मागवून एकुलतं साखरेचं भांडं मुद्दाम नवऱ्यापुढे ठेवलं. “यांना सांगा, साखर हवीय,” बायको म्हणाली. वकीलबाई कागदांत डोकं खुपसून ठार बहिऱ्या झाल्या. चहा निवू लागला. शेवटी नवऱ्यानेच तिच्या कपात साखर घातली. “दीडच चमचा ना अजून?” ती चहा ढवळत म्हणाली, “अरे, पोरगी तुझ्याकडे झोपेल तेव्हा दिवा चालू ठेव. अंधाराला घाबरते.” “ठेवीन.” वकीलबाईंनी आपला चहा बिनसाखरेचाच संपवला, साखर मागून मध्ये कोण बोलणार!