पुंजारामची साक्ष

भिमाजी उभा राहिला आणि सगळ्यांच्या पोटातलं त्याने विचारून टाकलं.

"साहेब, इलेक्शनला कंपनीच्या अकरा जीपा तुमच्या मागं फिरत हुत्या. आता आमचं कालव्याचं आवर्तन तोडून त्याच कंपनीला पानी द्यायचा कायदा झाला. तुमी त्याला होय म्हनले का न्हाई, येवढंच सांगा."

कोल्हारच्या खालच्या अंगाचं गाव ते. देवळाच्या सभामंडपात भर दुपारी दोनशे माणसं बसली होती, सगळ्यांच्या माना आमदारांकडे वळल्या. आमदार मात्र हसले. त्यांना कधी राग येत नाही, आणि लोक भ्यायचे ते त्यालाच.

"नाही म्हणालो," ते म्हणाले. "पण तिथं आवाजी मतदान असतं. कोण काय बोललं त्याची नोंद कुठंच राहत नाही. मग माझ्यावर भरवसा ठेवायचा कसा? अहो, आपला साक्षीदार गावातच आहे. पुंजारामभाऊ, या वर."

पुंजाराम उठून वर गेला. नागपूरच्या अधिवेशनाला आमदारांनी त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं होतं, पास काढून प्रेक्षक गॅलरीत बसवलं होतं. केवढा मान वाटला होता गावाला. वीस वर्षं पाण्याच्या पाळ्या तोच लावायचा. भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसले तरी पुंजाराम बोलला की विषय संपायचा. तो पास कशासाठी होता, हे त्याला आत्ता कळलं.

आणि त्याने पाहिलं होतं ना सगळं. ‘होय’चा पुकारा झाला तेव्हा तिसऱ्या बाकावर आमदारांचं तोंड उघडलं. ‘नाही’ची वेळ आली तेव्हा ते खुशाल मोबाईल बघत बसले होते. घरी आल्यावर हे त्याने फक्त बायकोला सांगितलं. बनुबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुनी इचारलं तर खरं सांगा. न्हाई तर मी सांगंन." सख्ख्या भावाविरुद्ध तलाठ्यासमोर खरं बोलून आलेली बाई ती. तिचं बोलणं उगाच नसायचं.

माईक हातात आला. पहिल्याच रांगेत त्याचा पोरगा, ओंकार, मान खाली घालून बसला होता. आमदारांच्या कॉलेजात सहा वर्षं टेम्पररी शिकवत होता बिचारा. त्याला कायम करायचं पत्र सोमवारी निघतंय, असं आमदारांनी मघाशी गाडीतून उतरता उतरता पुंजारामला सांगितलं होतं. अगदी सहज सांगितलं होतं.

"न्हाई म्हनले साहेब," पुंजाराम म्हणाला. "म्या ह्या डोळ्यांनी बघितलं."

टाळ्या पडल्या. भिमाजी खाली बसला. पुंजाराम बोलला म्हटल्यावर त्याच्यापुरता विषय संपला. उलट त्याने पुंजारामला हात जोडले. ते जोडलेले हात पुंजारामला बघवेनात. वीस वर्षांचा शब्द एका वाक्यात गेला आणि गेलेला कुणाला कळलासुद्धा नाही, या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमदारांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. ती नीट करता करता ते त्याच्या कानाशी वाकले.

"घरी कुणाला काही बोलला नाहीत ना, भाऊ?"

"न्हाई," पुंजाराम म्हणाला. पण ते म्हणायच्या आधी त्याची नजर बायकांच्या रांगेकडे जाऊन आली होती.

तिथे बनुबाई खांबाला टेकून बसली होती. बाकीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, तिचे हात तेवढे मांडीवर होते. आमदारांनी पुंजारामच्या नजरेच्या रोखाने तिच्याकडे पाहिलं, मग वाकून नमस्कार केला.

"ओंकार," ते मोठ्याने म्हणाले, "आईला हाताला धरून वर आण. वहिनींचाही सत्कार व्हायला पाहिजे."

ओंकार उठला. आईजवळ जाऊन त्याने तिचा दंड धरला. बनुबाईने लेकाचा हात बाजूला केला, पदर खोचला आणि एकटीच वर आली. आमदारांनी दुसरी शाल उलगडली, तिकडे तिने बघितलंही नाही. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

माईक अजून पुंजारामच्याच हातात होता.