पाचव्याची रजा

आमच्या कक्षात एकमेकांना जोडलेल्या चार मेनफ्रेम कॉम्प्युटरवर नजर ठेवायची असते. पडद्यावर मात्र पाच चौकटी दिसतात.

"पाचव्याकडे लक्ष देऊ नका," साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तो कधीच भंगारात गेलाय."

भंगारात गेलेला हा पाचवा दिवसभर मान मोडून काम करायचा. बाकीचे चौघे अडले, की त्यांच्या वाटणीचंही गुपचूप उरकायचा. मी दर तासाला इमानदारीने वहीत लिहायचो: पाचवा, चालू. साहेब न वाचता सही ठोकायचे.

शुक्रवारी पाचव्याच्या चौकटीत रजेचा अर्ज उमटला. कारण: थकवा. रजेच्या काळात काम कोण पाहणार, तिथे माझं नाव.

मी तो छापून साहेबांपुढे ठेवला. माझी रजा सहा वेळा नाकारणाऱ्या साहेबांनी हा अर्ज मात्र न वाचताच मंजूर केला.

सोमवारी आलो, तर माझ्या खुर्चीत एक नव्या बाई बसल्या होत्या. साहेब त्यांना काम समजावत होते. मी घसा खाकरला.

"तिकडे लक्ष देऊ नका," साहेब माझ्याकडे बोट दाखवत बाईंना म्हणाले. "तो कधीच भंगारात गेलाय."

बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि वहीत लिहिलं: पाचवा, चालू.