ढोलीतली बाळंतीण

देवराईतला बेहडा रस्त्यासाठी तोडायचा का, यावर देवळात बैठक होती. परदेशात शिकून आलेल्या, देशोदेशींची मुलं इथे जंगल शिकायला आणणाऱ्या मृदुलाबाईंनी पडद्यावर चाळीस आलेख दाखवले. अर्धं गाव पेंगलं. सरपंच म्हणाले, "उद्या तोडू."

"ढोलीत धनेश पक्ष्याची मादी आहे हो," बाई रडवेल्या झाल्या. "दार लिंपून अंड्यांवर बसलीय. नर फटीतून भरवतो."

"म्हणजे बाळंतीण!" गावची सुईण द्वारकाकाकू ताडकन उठल्या. "बाळ्या, सरपंच असशील घरी. तू झालास तेव्हा मी दारात कुणाला खोकूसुद्धा दिलं नव्हतं."

सरपंच कुजबुजले, "राहू दे झाड."

सकाळी बेहड्याखाली डिंकाचे लाडू होते. पाच देशांची मुलं चवड्यांवर चालत होती. बाईंनी अहवालातले आलेख काढून लाडवांची कृती घातली.