सुटलेली गाठ

हिरकणी मोबाइलवर बघून अंबाडीच्या सुतळीचं ब्रेसलेट विणायला शिकत होती. मापासाठी तिनं नवऱ्याचा, अण्णांचा, हात मांडीवर घेतला होता. वरोरच्या बंदरावर जाळी शिवण्यात जन्म गेलेले अण्णा तिच्या शेजारी ओट्यावर बसून होते.

“आवळतंय का?”

“नाही. धर तू.”

शेवटची गाठ पुन्हा एकदा बसली. बोंबलांवरचे कावळे हाकलायला ती अंगणात गेली, तशी अण्णांनी नखानं ती गाठ हळूच सोडवली.

हिरकणी परत आली.

“सुटली परत?”

“सुटली.”

जाळं शिवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिची गाठ तेव्हाही कधी सुटली नव्हती.

तिनं पुन्हा त्यांचा हात मांडीवर घेतला. “नवशिकी आहे मी. संध्याकाळ होईल, बसा.”