आईची नक्कल

रोझलिन मावशीने ताटलीवरचा विणलेला रुमाल बाजूला केला नि जॅक्सनला म्हणाली, "आता करून दाखव ना रे, तुझ्या आईची नक्कल. दुबईवाल्यांना हसवतोस, आम्ही काय पाप केलंय?"

ओटीवर यंदा नाताळचा तारा नव्हता. आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. दुखवट्याच्या घरात तळण करत नाहीत, म्हणून शेजारीच करंज्या आणि केक घेऊन आले होते. जॅक्सन मयताला आला नव्हता; त्याच्या नकलांच्या कार्यक्रमांचा दौरा चालू होता. काल संपला.

"राहू दे, मावशी," क्लेमेंटीन म्हणाली.

"करू दे गं तुझ्या भावाला," बर्नार्ड काका म्हणाले. "तेवढंच घर हलकं होईल."

जॅक्सनने शोभतील तेवढे आढेवेढे घेतले. मग नसलेला पदर खोचला.

"जेवला का रं, बाबा? तिथं भात देतात का नुसता पाव?"

ओटीवर हशा पिकला. क्लेमेंटीन उठून स्वयंपाकघरात गेली. ही वाक्यं तिने पलंगाशी बसून ऐकली होती, आईच्या कानाशी फोन धरून. आजारपणात त्याचा रोज फोन यायचा. "आय, काय म्हणालीस? परत बोल ना." धाप लागली तरी आई परत बोलायची. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उजळायचा. "बघ, पोराला माझा आवाज ऐकल्याबिगर झोप नाय."

बाहेर तो आता तिचा खोकला काढत होता. आधी घरघर, मग ती बारीक शिट्टी. हुबेहूब. कुणीतरी हसता हसता मांडीवर थाप मारली.

क्लेमेंटीन ओट्याची कड धरून उभी राहिली. आता बाहेर जायचं, ज्याची ताटली त्याच्या हातात द्यायची आणि ह्याला सांगायचं, उचल तुझी बॅग.

"क्लेमे," बाहेरून आईने हाक मारली, "पानी दे गं, बाय."

"आणते गं."

ओटीवर टाळ्या पडल्या.

तिने हाताकडे पाहिलं. पेला भरून झाला होता. आईची वाकडी स्ट्रॉसुद्धा त्यात घालून झाली होती.