दुर्बीण आणि चुंबळ

"मोठीच द्या," मीरा म्हणाली, आणि म्हणताना दुकानदाराकडे बघत राहिली. आईकडे बघितलं असतं तर बोलणं अडलं असतं.

वसईतल्या त्या दुकानात दोन दुर्बिणी समोरासमोर होत्या. एक आठ इंची तोंडाची, जमिनीवर उभी, मीराच्या छातीपर्यंत येणारी. दुसरी साडेचार इंची, टेबलावर बसवलेली, कडेवर घेता येईल एवढीशी. मीराला नोकरीत बढती मिळाली होती आणि येता-जाता आभाळाकडे बघणाऱ्या आईला दुर्बीण घेऊन देणार हे तिने अख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलं होतं. एवढा गाजावाजा करून ही बाहुली घरी न्यायची, हे काही तिला पटेना.

आई म्हणजे निर्मळ गावची जयवंती. तीस वर्षं मोगरा खुडून बाजारात विकत आलेली बाई, माल नीट बघितल्याशिवाय तोंड उघडायची नाही. ती दोन्ही दुर्बिणींभोवती एकेक फेरी मारून आली.

"मावशींना काय बघायचंय? चंद्र?" दुकानदार ऑस्करने विचारलं. लहान मुलांना विचारतात त्या आवाजात विचारलं. बिचारा सगळ्यांनाच तसं विचारायचा.

"चंद्र दिसतो मला," जयवंती म्हणाली. "विंचवाची नांगी आहे ना, तिच्या शेजारी दोन धुरकट ठिपके आहेत. एक मोठा, एक बारीक. उन्हाळ्यात पहाटे चारला कळ्या खुडायला जाते, तेव्हा जरा बॅटरी विझवून बघते. धूर आहे की तारे आहेत, काय कळत नाय. हल्ली मुंबईकडचे दिवे वाढले, तर बारीक ठिपका दिसायचाच बंद झाला."

ऑस्करने आकाशाचा नकाशा उघडला. विंचवाच्या शेपटीवरून त्याचं बोट खाली सरकलं, एका जागी थांबलं, मग दुसऱ्या जागी थांबलं. त्याने नकाशा बाजूला ठेवला आणि जयवंतीसाठी स्टूल पुढे ओढलं.

"बसा, मावशी. दोन्ही तारकागुच्छ आहेत, एकेकात कितीतरी तारे. लोकांना नकाशा हातात देऊनही सापडत नाहीत हो."

हे मीराला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. आईचा इतका अभिमान वाटला की अशा वेळी माणूस करतो तेच तिने केलं. जास्तच हट्टाला पेटली.

"म्हणून तर तुला मोठी पाहिजे, आई. अंगणात ठेवून देऊ कायमची."

"अंगणात आभाळ कुठे आहे? नुसते माड आहेत. आभाळ मोगऱ्याच्या वाफ्यात. विहिरीपलीकडे, केळीतून जायचं."

"उमंग नेईल ना उचलून."

"पहाटे चारला? तुझा भाऊ?"

मीराला मिक्सर आठवला. उमंगने हौसेने आणलेला भलामोठा मिक्सर माळ्यावर होता. तो खाली काढायलाही उमंगच लागायचा, म्हणून चटणी अजून पाट्यावर वाटली जात होती.

जयवंती उठली. पदर खोचून तिने मोठ्या दुर्बिणीला मिठी घातली, वीतभर उचलली आणि आवाज न करता जागेवर ठेवली.

"उचलते मी," ती म्हणाली. "पण एका हातात बॅटरी, एका हातात टोपली. तिसरा हात कुठून आणू?"

मग तिने पिशवीत हात घातला आणि चुंबळ बाहेर काढली. जुन्या जांभळ्या लुगड्याची, डोक्यावर ओझं ठेवायला पिळून केलेली, रोजची. मीरा बघतच राहिली. म्हणजे ही घरून ठरवूनच निघाली होती.

"ती छोटी खोक्यात भरून द्या," जयवंती ऑस्करला म्हणाली.

खोकं भरलं. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, चुंबळीवर खोकं ठेवलं आणि दोन्ही हात सोडून दिले. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. खोकं हललं नाही. ऑस्कर मात्र दोन्ही हात पसरून तिच्या मागून गेला आणि मागूनच परत आला.

"केळीच्या घडापेक्षा हलकी आहे," जयवंती म्हणाली.

ऑस्करने घाम पुसला. "खरं सांगू, मावशी? शनीची कडी मोठीत जास्त चांगली दिसतील. पण तुमचा तो मोठा ठिपका तिच्यात अख्खा मावणार नाही. हिच्यात मावेल."

"मग झालं तर."

मीराने एकदा मोठ्या दुर्बिणीकडे बघून घेतलं. ऑफिसात काय सांगायचं ते तिचं आता ठरलं होतं. दुर्बिणीचे इंच ती सांगणारच नव्हती, नांगीशेजारचे दोन ठिपके सांगणार होती.

बाहेर बाजार भरला होता. "दे आई, मी घेते," मीरा म्हणाली. जयवंतीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खोकं डोक्यावर घेऊन भाजीवाल्यांच्या मधून चालू लागली. याच वाटेने तिच्या डोक्यावरून मोगरा गेला होता, चाफा गेला होता, केळी गेली होती. गेलं ते सगळं दुसऱ्यांच्या घरी गेलं होतं.

कोपऱ्यावर पिशवी घेतलेल्या एका बाईने तिला थांबवलं.

"मावशी, आज काय आणलंय? कसं दिलं?"

मीरा उत्तर द्यायला पुढे झाली, पण जयवंतीने तिला हाताने मागे सारलं. मान ताठ, खोकं जागच्या जागी.

"विकायची नाय," ती म्हणाली. "ही माझी आहे."